सूतिकेची रजा : एक उपेक्षित निदानपरिवर्जन

प्रस्तावना

उन्हाळ कांद्याची आवक वाढू लागली, की लासलगाव येथील आमच्या चिकित्सालयात दरवर्षी एक विशिष्ट मागणी वाढते. खळ्यावर कांदा निवडावयास जाणारी, नुकतीच बाळंत झालेली स्त्री तान्हे मूल पदराखाली घेऊन येते आणि म्हणते, “म्याडम, बाळ लई रडतं, म्हातारीला आवरत नाही. दुपारभर निजून राहील असं कायतरी गुटीत घालून द्या.” औषधी दुकानदार बंधूंनाही ही मागणी अपरिचित नसावी. त्यांच्याकडे ती अधिक थोडक्यात येते : “जायफळ द्या.”

अशा बालकास तपासले असता पुष्कळदा कोणताही व्याधी आढळत नाही. त्यास भूक लागलेली असते आणि त्याची माता दिवसभर दूर असते, एवढेच. त्याच स्त्रीची नाडी पाहावी, तर कटिशूल, अल्पस्तन्यता, अग्निमांद्य, क्वचित ज्वरानुबंध अशी वातप्रधान सूतिकाविकाराची लक्षणे मिळतात. आपण तिला दशमूलारिष्ट, शतावरी कल्प, सौभाग्यशुंठी लिहून देतो, ‘विश्रांती घ्यावी’ असे सांगतो आणि पुढील रुग्णास बोलावतो. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा खळ्यावर जाते. चिकित्सेचे सार निदानपरिवर्जनात आहे, हे आपण सर्वांनी पहिल्या वर्षापासून पाठ केलेले आहे. परंतु येथे निदान कोणते? माझ्या मते ते एकच आहे : सूतिकेस रजा नाही, आणि तिच्या मागे बालकाजवळ योग्य माणूस नाही. या दोन गोष्टींचा विचार आपण चिकित्सेचा भाग म्हणून करावयास हवा. तो केवळ ‘सामाजिक प्रश्न’ म्हणून सोडून देऊ नये, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. शास्त्रोक्त सूतिकाकाल

सूतिकाकालाच्या मर्यादेविषयी संहितांत तीन मते प्रसिद्ध आहेत. सुश्रुत व वाग्भट यांनी दीड महिन्यापर्यंत आहारविहाराचे नियमन सांगितले. दुसऱ्या मतानुसार पुन्हा आर्तवदर्शन होईपर्यंत ती सूतिकाच होय. काश्यपसंहितेच्या परंपरेत ही मर्यादा सहा महिन्यांपर्यंत मानली जाते. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात या काळजीचे कारणही दिले आहे. गर्भवाढीने शिथिल झालेले धातू, प्रवाहणाचे श्रम, क्लेद व रक्त यांचा स्राव यांमुळे सूतिकेचे शरीर रिक्त झालेले असते. म्हणून तिला होणारा व्याधी कष्टसाध्य वा असाध्य ठरतो.

या मतांत विरोध न मानता क्रम मानावा. पहिले ४५ दिवस अभ्यंग, स्वेदन, दीपन व संपूर्ण विश्रांतीचे. त्यापुढील काळ सहा महिन्यांपर्यंत हळूहळू पूर्ववत होण्याचा. अर्वाचीन शास्त्रही पहिले सहा महिने बालकास केवळ मातेचे दूध द्यावे असे सांगते. विशेष म्हणजे आज आपल्या देशात कायद्याने मान्य केलेली प्रसूती रजा २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस आहे. तीन स्वतंत्र वाटांनी आलेले विचार एकाच मुक्कामी पोहोचतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

२. विलगता आणि स्तन्यक्षय

सुश्रुतांनी स्तन्यप्रवृत्तीचे कारण सांगताना बालकाचा स्पर्श, दर्शन, स्मरण आणि मातेचा अखंड स्नेह यांचा उल्लेख केला आहे. क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव ही स्तन्यनाशाची कारणे सांगितली आहेत. बालक चोखत असता मातेच्या शरीरात दूध निर्माण करणारे व ते बाहेर आणणारे स्राव वाढतात आणि स्तन रिते न झाल्यास निर्मिती मंदावते, हे आजचे शरीरक्रियाविज्ञान त्याच अनुभवास दुजोरा देते.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. जी माता सकाळी आठ ते सायंकाळी सहापर्यंत बालकापासून दूर, उकिडवी बसून, कांद्याच्या धुळीत व टरफलांत काम करते, तिला शतावरी कितीही दिली तरी स्तन्यवृद्धी अपेक्षेप्रमाणे होणार नाही. औषध निकृष्ट होते असे समजून ती दुसरी बाटली नेते, आणि तिसऱ्या वेळी पावडरचा डबा. त्यानंतर बाटली, अस्वच्छ बूच, अतिसार, कार्श्य ही साखळी आपणांस परिचित आहेच.

३. जायफळ : दुकानदार बंधूंसाठी विशेष सूचना

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणगावातील स्त्री-कामगारांच्या स्थितीविषयी जे चौकशी-अहवाल झाले, त्यांत एक हृदयद्रावक नोंद आढळते. कामावर जाताना माता तान्ह्या मुलांना अफूमिश्रित ‘बाळगोळी’ देत असत, जेणेकरून मूल दिवसभर निपचित पडून राहावे. त्या माता निर्दय नव्हत्या. त्यांना रजा नव्हती आणि मूल ठेवण्यास जागा नव्हती. पाळी भरली नाही तर पोट भरणार नव्हते.

अफू आज दुकानात मिळत नाही. परंतु मागणीचे स्वरूप बदललेले नाही. सहाणेवर एक-दोन वळसे उगाळलेले जायफळ ग्राही व दीपन म्हणून बाळगुटीत पूर्वापार आहे. ते वेगळे, आणि झोपेसाठी रोज वाढत्या मात्रेत दिलेले जायफळ वेगळे. अतिमात्रेत ते मद, मोह, हृद्द्रव उत्पन्न करते, आणि तान्ह्या बालकात मात्रा व अतिमात्रा यांतील अंतर फारच थोडे असते. म्हणून एक वर्षाच्या आतील बालकासाठी ‘झोपेकरिता’ जायफळ मागितले गेल्यास ते देऊ नये व वैद्याकडे पाठवावे, अशी माझी सर्व औषधालयधारकांना आग्रहाची विनंती आहे. देण्याऐवजी एक प्रश्न विचारावा : “बाई, दिवसा बाळाजवळ कोण असतं?” बहुतेक वेळा खरे निदान त्या उत्तरात सापडते.

४. कायदा काय देतो, कोणास देत नाही

मुंबई प्रांताने १९२९ साली देशातील पहिला प्रसूती लाभ कायदा केला. त्याच्या विधेयकास १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला होता. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने त्या खर्चाचा भार उचलणे न्याय्य आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. ना. म. जोशी यांनी तत्पूर्वीच, १९२४ साली, मध्यवर्ती कायदेमंडळात असा प्रयत्न केला होता. तो यशस्वी झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. त्यांतील ८ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. तिसऱ्या अपत्यासाठी ही मर्यादा १२ आठवड्यांची आहे. ५० वा अधिक कर्मचारी असल्यास पाळणाघर बंधनकारक असून मातेस दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा आहे. या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

आता यातील मेख पाहावी. दुकाने व आस्थापनांच्या बाबतीत हा हक्क १० वा अधिक कर्मचारी असल्यासच लागू होतो. आपल्यापैकी किती जणांच्या औषधालयात वा चिकित्सालयात दहा माणसे आहेत? एक कंपाउंडर, एक पंचकर्म परिचारिका, पॅकिंगच्या दोन बायका, एवढाच बहुतेकांचा संसार. खळ्यावर रोजाने जाणाऱ्या स्त्रीचे तर हजेरीपटावर नावच नसते. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आहे. २०१७ पासून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात, आणि पुढे दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपयांची सोय झाली. योजना उपयुक्त आहे आणि प्रत्येक गर्भिणीस तिची नोंदणी करावयास आपण सांगितलेच पाहिजे. परंतु ५,००० रुपये १८२ दिवसांत विभागले असता दिवसाला सुमारे २७ रुपये पडतात. तेवढ्यावर रोज सोडून कोणतीही माता घरी बसू शकत नाही.

पित्याच्या रजेविषयी बोलावयाचे, तर केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांस १५ दिवस मिळतात. खाजगी क्षेत्रासाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. स्वीडनने १९७४ सालीच माता व पिता दोघांनाही वाटून घेता येईल अशी रजा सुरू केली. जुलै २०२४ पासून तर माता व पिता यांपैकी प्रत्येकास आपल्या पगारी रजेतील ४५ दिवसांपर्यंतचा भाग आजी-आजोबांसारख्या अन्य व्यक्तीच्या नावे करता येतो. आजीने नातवंड सांभाळणे हेही काम आहे व त्यास मोबदला असावा, हे तेथे कायद्याने मान्य झाले. आपल्याकडे आजी गृहीत धरलेली असते. लासलगाव परिसरात ती आजीही पुष्कळदा रोजाने कांदा निवडावयास जाणारीच असते, हे आपण विसरतो.

५. एक स्वानुभव

उपदेश करण्यापूर्वी स्वतःची चूक सांगणे मला आवश्यक वाटते. २०१९ च्या हिवाळ्यात आमच्याकडे च्यवनप्राशाचे काम ऐन भरात होते. पॅकिंगवरील आमची एक अनुभवी ताई नुकतीच बाळंत झालेली होती. तिचा हात फार स्वच्छ व वजनास पक्का. मी निरोप धाडला, “जमत असेल तर थोडे दिवस ये.” मालकिणीच्या निरोपातील ‘जमत असेल तर’ या शब्दांना काय अर्थ असतो, हे मला तेव्हा कळावयास हवे होते. ती अठ्ठाविसाव्या दिवशी कामावर आली.

मी तिला दशमूलारिष्टाच्या बाटल्या व शतावरी कल्पाचा डबा विनामूल्य दिला आणि आपण कर्तव्य केले अशा समाधानात राहिले. सकाळी हातात शतावरी देऊन सायंकाळपर्यंत तिला बाळापासून दूर बसवणारी मीच होते. तीन आठवड्यांत तिचे दूध बरेच आटले. घरी तिची नऊ वर्षांची थोरली मुलगी शाळा बुडवून बाळास बाटली पाजत होती. पुढे बालकास तीव्र अतिसार होऊन नाशिकला रुग्णालयात ठेवावे लागले. ते वाचले, ही ईश्वरकृपा. ताईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. ती एवढेच म्हणाली, “म्याडम, काढा घेतला व्हता मी रोज.”

त्या वाक्याने मला माझ्या चिकित्सेतील उणीव दाखवली. २०११ साली माझ्या स्वतःच्या प्रसूतीनंतर मीही चाळिसाव्या दिवशी चिकित्सालय उघडले होते, कारण रजा मागणारी मीच व देणारीही मीच. परंतु माझे बाळ वरच्या मजल्यावर माझ्या आईजवळ होते आणि दोन रुग्णांच्या मध्ये मी त्यास पाजून येत असे. दोघींच्या औषधांत काही भेद नव्हता; भेद होता तो या जिन्याच्या सोळा पायऱ्यांचा.

६. पाळणाघराखेरीज अन्य पर्याय

शहरातील पाळणाघर चांगले असेल तर त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु लहान गावांत ते बहुधा नसते, आणि एक वर्षाच्या आतील, क्षीरप अवस्थेतील बालकास अनेक मुलांत ठेवल्यास संसर्गाची भीती अधिक. म्हणून पुढील पर्याय क्रमाने विचारात घ्यावेत.

(अ) माता बालकाजवळ. हा सर्वश्रेष्ठ. पहिले ४५ दिवस यास पर्याय शोधूच नये. त्यानंतर अर्धवेळ काम किंवा घरी नेता येण्याजोगे काम, जसे लेबल लावणे, पुड्या बांधणे, नोंदवही लिहिणे, सहा महिन्यांपर्यंत द्यावे. कोणतेही औषधी द्रव्य मात्र घरी नेऊ देऊ नये. शुद्धतेचा प्रश्न आहे.

(आ) बालक मातेजवळ. चरकोक्त कुमारागाराचे वर्णन येथे फार उपयोगी पडते. जागा हवेशीर परंतु थेट वाऱ्याच्या झोतात नसावी. उजेडाची, कोरडी, उंदीर, कुत्री व कीटक यांपासून सुरक्षित असावी. पाणी व स्नानाची सोय जवळ असावी. औषधालयात कुटण्याच्या व चाळण्याच्या जागेपासून दूर, चूर्णाचा कण पोहोचणार नाही अशी एक खोली पुरे. खळ्यावर गोण्यांच्या थप्पीखाली वा वाहनांच्या वाटेवर झोळी बांधलेली दिसते. ती तेथून हलवावी, एवढे तरी व्यापारी बंधूंना सांगता येईल. त्यांतील बरेच जण आपले रुग्ण आहेत.

(इ) आजी किंवा नात्यातील स्त्री. तिचे वय, दृष्टी, गुडघे व तिचा बुडणारा रोज यांचा विचार करूनच. शक्य असल्यास सुनेच्या वेतनाबरोबर तिच्यासाठी काही रक्कम ठरवावी.

(ई) अंगणातील पाळणा. शेजारच्या एका अनुभवी स्त्रीने आपल्या घरी तीन-चार मुले मोबदल्यावर सांभाळणे. तिची निवड करताना धात्रीपरीक्षेतील निरोगीपणा, शुचिता, निर्व्यसनीपणा, बालकाविषयी प्रेम, शांत स्वभाव हे निकष पाहावेत. त्यांतील जातिविषयक निकष आज अर्थातच सोडून द्यावेत. बालकास एकदम उचलू नये, झोपेतून दचकवून उठवू नये, हे सुश्रुतांचे आणि राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, हे चरकांचे सांगणे तिला समजावून द्यावे.

(उ) पिता. रात्रीचे जागरण, अभ्यंगाचे तेल कोमट करणे, बाळाचे कपडे धुणे, थोरल्या मुलास शाळेत पोहोचवणे ही कामे पित्याची आहेत, असे वैद्याने त्याच्यासमोर सांगितल्यास त्याचा प्रभाव पडतो, असा माझा अनुभव आहे.

या विचारास महाराष्ट्रात थोर परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेली. पुढे कोसबाड येथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र असलेली ‘विकासवाडी’ त्यांनी घडवली, कारण तान्हे भावंड सांभाळण्यासाठी थोरली बहीण शाळेस मुकते, हे त्यांनी पाहिले होते. ‘अंगणवाडी’ हा शब्द १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर गेला. तथापि अंगणवाडीतील शाळापूर्व वर्ग तीन वर्षांपुढील मुलांसाठी व मोजके तासच असतो. तीन वर्षांच्या आतील मुलास शिधा घरी मिळतो, सांभाळ मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्राने २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीसह पाळणाघराची तरतूद केली आहे. आपल्या गावी तिची मागणी करणे हे आपल्या संघटनेचे काम आहे.

मातेस दूर जाणे अपरिहार्यच असेल, तर हाताने दूध काढून ठेवण्याची पद्धत शिकवावी. उकळलेल्या झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात काढलेले दूध साधारण २५ अंश तापमानात चार तासांपर्यंत टिकते. आपल्याकडील चैत्र-वैशाखाच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर वापरावे. बाटलीऐवजी बोंडले किंवा वाटी-चमचा वापरावा.

७. औषधालयधारकांसाठी व्यवहार्य योजना

‘लहान दुकानास सहा महिन्यांचा पगार परवडत नाही’ हा आक्षेप खरा आहे. परंतु एकट्या दुकानास परवडत नाही, इतकाच तो खरा आहे. भिशीचा व्यवहार आपणा सर्वांना ठाऊक आहे. समजा, तालुक्यातील २० औषधालये व चिकित्सालये दरमहा ३०० रुपये एका सामाईक निधीत जमा करतील. वर्षाला ७२,००० रुपये होतात. दरमहा ९,००० रुपये वेतन असलेल्या एका स्त्रीचे सहा महिन्यांचे वेतन ५४,००० रुपये होते. ते देऊन १८,००० रुपये शिल्लक राहतात. इतक्या लहान आस्थापनांत एका वर्षी दोन प्रसूती आल्या, तर अर्धा भार निधीने व अर्धा मालकाने उचलावा. दिवसाला दहा रुपयांची ही बाब आहे.

स्वतः चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्य भगिनींसाठीही असेच करता येईल. प्रसूतीच्या काळात शेजारच्या गावातील दोन-तीन सहव्यवसायींनी आठवड्यातील एकेक दिवस वाटून घेऊन तिचे चिकित्सालय चालवावे, रुग्ण तिचेच राहावेत. रुग्ण तुटण्याच्या भीतीने चाळिसाव्या दिवशी बाकावर बसणे थांबेल.

आमच्या औषधालयात २०२० पासून पुढील नियम पाळतो : ४५ दिवस कोणताही निरोप धाडावयाचा नाही, पूर्ण पगार घरी पोहोचवावयाचा, सहाव्या महिन्यापर्यंत अर्धवेळ, बालकास आणण्याची मुभा व पाजण्यासाठी हवा तेवढा वेळ. च्यवनप्राशाचे काम थोडे उशिरा होते. त्याने कोणाचेही नुकसान झालेले नाही.

उपसंहार

सर्व वैद्यबंधुभगिनींनी गर्भिणीच्या केसपेपरवर सातव्या महिन्यातच चार प्रश्न लिहावेत : कामावर केव्हा परतणार? बालकाजवळ कोण राहणार? मातेचे काम घरापासून किती दूर? दिवसा किती वेळा पाजता येईल? यांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर प्रथम त्यांची व्यवस्था करावी. काढा, अरिष्ट व कल्प त्यानंतर. रजा हे सूतिकेचे मुख्य औषध असून आपण देतो ते अनुपान आहे, हा क्रम उलटा झाल्याने काय होते ते मी जवळून पाहिले आहे.

आपापल्या गावी याविषयी कोणते प्रयत्न झाले, सामाईक निधीची कल्पना व्यवहारात कोठे अडते, याविषयीचे अनुभव वाचकांनी त्रैमासिकाकडे अवश्य कळवावेत. त्यांतूनच ही योजना पक्की होईल. इत्यलम्।